शिकारी कुत्र्याची खाज, चट्टे आणि जखमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रानात काम करणारी कुत्री पाळणाऱ्यांचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच असतात, मोसमाप्रमाणे त्यांचा क्रम तेवढा बदलतो. सुरुवातीला गोचीड, मध्यावर पंजे आणि पट्ट्याच्या जखमा, आणि मोसम संपता संपता 'सगळं करून झालं, तरी खाज जात नाही'. इथे सोप्यापासून किचकट प्रश्नांपर्यंत जायचं ठरवलं आहे. मी पशुवैद्य नाही, कुत्री सांभाळणारा आहे. त्यामुळे जिथे डॉक्टरशिवाय भागत नाही तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

१. घरातल्या कुत्र्यापेक्षा शिकारी कुत्र्याला त्वचेचा त्रास जास्त का होतो?

कुत्र्याची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. तिचं खरं संरक्षण म्हणजे केस आणि वरचा तेलकट थर. काटेरी झुडपातून घुसताना हा थर खरवडला जातो, पाण्यात तासन्तास राहून तो मऊ पडतो, आणि घट्ट पट्ट्याखाली तो श्वास घेऊ शकत नाही. निरोगी कुत्र्याच्या अंगावरही काही जीवाणू आणि यीस्ट असतातच. थर फाटला, ओल राहिली, की तेच माजतात. त्यामुळे 'माझ्या कुत्र्याला इन्फेक्शन झालं' या वाक्याच्या मागे जवळजवळ नेहमी दुसरं काहीतरी असतं: पिसू, कुसळ, घासणारं बक्कल, ओला पेंढा. ते सापडेपर्यंत मलमं बदलत राहण्यात अर्थ नाही.

२. रानातून परत आल्यावर नेमकं काय तपासायचं?

परतल्यावरचा पहिला अर्धा तास कुत्र्याचा, तुमचा नाही. आधी पट्टा, हार्नेस, जॅकेट सगळं उतरवा. मग डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवून नाकापासून शेपटीपर्यंत केसांच्या उलट दिशेने हात फिरवा. दाट केसांत गोचीड दिसत नाही, बोटाला लागते.

पुढच्या जागा कधीही सोडू नका: ओठांच्या घड्या, पापण्यांच्या कडा, कानाची आतली बाजू आणि कानाच्या बाहेरच्या कडेवरची ती छोटी चामडीची खिशी, गळा, बगला, छातीचा खालचा भाग, जांघा, शेपटीखालची जागा. पंजा पालथा करून प्रत्येक दोन बोटं वेगळी करायची. वरून एकदा, गाद्यांच्या (तळव्याच्या मऊ उशांच्या) बाजूने एकदा. पायाच्या आतल्या बाजूच्या वरच्या नखाभोवतीही बघायचं, तिथे सराटे आणि चिखलाच्या गाठी अडकतात.

हे रोज एकाच क्रमाने करा. दहा दिवसांत हाताला कुत्र्याचा नकाशा पाठ होतो आणि नवीन गाठ किंवा गरम लागणारी जागा आपोआप जाणवते.

३. दर वेळी शांपूने अंघोळ घालायची का?

नाही. चिखल लागला असेल तर साधं कोमट पाणी पुरे. खाऱ्या पाण्यातून आला असेल तर गोड्या पाण्याने धुवायलाच हवं, कारण मीठ केसांत वाळून खाज आणतं. तळ्यावर हिरवा-निळा तवंग होता अशी शंका असेल तर कुत्र्याने अंग चाटायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. काही शेवाळांचं विष पोटात गेलं तर कुत्रं काही तासांत दगावू शकतं.

माणसाचा शांपू नको. आपली त्वचा आम्लधर्मी, कुत्र्याची त्या मानाने उदासीन. आपला 'सौम्य' शांपूही तिला कोरडी पाडतो. डॉक्टरने औषधी शांपू दिला असेल तर फेस अंगावर १० मिनिटं ठेवायचा, घड्याळ लावून. दोन मिनिटांत धुऊन टाकला तर औषध वाया गेलंच म्हणा.

धुण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं. लॅब्राडोरसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याचे वरचे केस वाळलेले दिसतात, खालची लव मात्र ओलीच असते. टॉवेल केसांच्या मुळाशी दाबून बघा.

४. कुत्रा खाजवतोय, पण कशामुळे हे कसं ओळखायचं?

कुठे खाजतं ते बघा. पक्कं निदान नव्हे, पण दिशा नक्की मिळते.

कंबर, शेपटीचं मूळ आणि मांड्यांचा मागचा भाग असेल तर आधी पिसवा (प्रश्न ६). कानाच्या कडा आणि कोपरं, तेही रात्रंदिवस वेड्यासारखं, तर खरूज (प्रश्न १४). पंजे चाटणं, तोंड जमिनीला घासणं, कान सतत लाल, तर ॲलर्जी (प्रश्न १२). एकच पंजा, दोनच बोटांमधली जागा, तर कुसळ (प्रश्न १०). पोट, छाती आणि पायांची आतली बाजू, म्हणजे जे अंग अंथरुणाला टेकतं ते, तर पेंढा आणि फरशी तपासा (प्रश्न १६). आणि उन्हाळा सरताना बोटांच्या बेचक्यात किंवा कानाच्या खिशीत शेंदरी-नारिंगी भुकटीसारखं काही चिकटलेलं दिसलं तर ती भुकटी नाही, गवतातल्या सूक्ष्म किड्यांची पिल्लं आहेत. काढल्यावरही खाज काही दिवस राहते.

डॉक्टरकडे जाताना खाज कधी सुरू झाली, आदल्या आठवड्यात कुत्रा कुठे फिरला आणि घरात दुसऱ्या कुणाला खाज आहे का, एवढं लिहून न्या.

५. गोचीड कशी काढायची? रॉकेल टाकलं किंवा चटका दिला तर ती सुटते असं म्हणतात.

सुटते, पण सुटण्याआधी पोटातलं उलट कुत्र्याच्या रक्तात सोडण्याची भीती असते, शिवाय कुत्र्याची कातडी भाजते ती वेगळीच. बारीक टोकाचा चिमटा त्वचेला टेकवून गोचिडीचं तोंड पकडा, फुगलेलं पोट नाही. मग झटका न देता सरळ वर, सावकाश ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने खणू नका, बहुतेक वेळा शरीर तो स्वतःच बाहेर टाकतं. काढलेली गोचीड बोटांनी चिरडू नका.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. ताप, जेवण सोडणं, पांढरट हिरड्या, नाकातून रक्त, गडद लघवी यांतलं काहीही दिसलं तर गोचीड ताप समजून रक्त तपासून घ्या. तेव्हा तो त्वचेचा प्रश्न उरलेला नसतो.

६. पिसवांचं औषध दिलं, तरी पंधरा दिवसांनी पुन्हा पिसवा. औषध बनावट आहे का?

बहुधा नाही. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग. अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, फटींत, गाडीच्या मागच्या सीटखाली असतात. कोषातली पिसू महिनोन्महिने थांबू शकते आणि कुत्र्याची चाहूल, ऊब लागली की बाहेर येते. म्हणून घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी, सलग किमान तीन महिने औषध द्या. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. कुत्रा नेण्याची गाडी आणि पेटी झाडून काढा, लोक हीच विसरतात.

ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी आहे त्याला दोन-चार चावेही पुरतात. अंगावर एकही पिसू सापडली नाही म्हणून पिसवा नाहीत असं ठरवू नका. ओल्या पांढऱ्या कागदावर कुत्रा विंचरा. पडलेले काळे कण विरघळून तांबूस झाले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेलं रक्त.

७. पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्याला गोचीड-पिसवांसाठी थेंब, गोळी की औषधी पट्टा?

सतत पोहणाऱ्याला गोळी सोयीची, कारण ती धुऊन जात नाही. मानेवर टाकायचे थेंब त्वचेच्या तेलातून पसरतात, त्यामुळे आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंघोळ आणि पोहणं टाळावं लागतं. वारंवार भिजलं की औषधी पट्ट्याचा प्रभाव कमी दिवस टिकतो. गोळीची एक मर्यादा लक्षात घ्या: गोचीड चावल्यावरच औषध तिच्यापर्यंत पोहोचतं. त्यामुळे अंगावर गोचीड दिसली म्हणजे गोळी फसली असं नव्हे.

दोन इशारे. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर डॉक्टरला आधी सांगा, गोचीड-पिसवांच्या काही गोळ्या अशा कुत्र्यांना जपून देतात. आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेले थेंब घरात मांजर असेल तर नकोतच. मांजराला ते जीवघेणं ठरतं, कुत्र्याला बिलगून झोपण्यानेही.

८. काल काही नव्हतं, आज सकाळी गालावर तळहाताएवढा ओला लाल चट्टा! हे काय?

ओला, चिघळलेला, केस चिकटलेला, वास येणारा आणि हात लावू देत नाही असा असेल तर तो 'हॉट स्पॉट'. काही तासांत वाढतो. सुरुवात क्षुल्लक असते: पिसू, कानदुखी, गळ्याशी राहिलेली ओल. कुत्रा चाटतो, चाटल्याने चिघळतं, चिघळल्याने खाज वाढते.

चट्ट्याभोवतीचे केस निरोगी त्वचा दिसेपर्यंत मशीनने कापा. चट्टा दिसतो त्याच्या दीडपट निघतो, घाबरू नका. मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं पातळ द्रावण: २ टक्के द्रावणाचे २५ मिलि एक लिटर पाण्यात. फेसाळणारा हातधुण्याचा प्रकार नव्हे, साधं द्रावण. डोळे आणि कानाच्या आतला भाग टाळा. दिवसातून दोन-तीनदा टिपून कोरडं करा, वर पट्टी बांधू नका, घट्ट मलम थापू नका. गळ्यात नरसाळं घाला, म्हणजे चाटता येऊ नये म्हणून घालायची शंकूसारखी कॉलर. नरसाळ्याची दया येऊन ते रात्री काढणाऱ्यांचे फोन मला सकाळी येतात.

चट्टा फार दुखत असेल, चोवीस तासांत वाढला असेल किंवा भोवती पुळ्या उठल्या असतील तर डॉक्टर. आणि तो गालावर किंवा कानाखाली असेल तर कानात डोकावल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही.

९. हार्नेस आणि जीपीएस पट्ट्याने बगलेत व गळ्याला जखमा होतात. माप तर बरोबर आहे.

उभ्या कुत्र्यावर माप बरोबर असतं. पळताना कोपर मागे-पुढे जातं तेव्हा तोच पट्टा बगलेत करवतीसारखा चालतो. हार्नेस घालून कुत्र्याला समोरून आणि बाजूने पळताना बघा. निओप्रीनचं जॅकेट कोरडं असताना नीट बसतं, ओलं झालं की त्यात वाळू शिरते. शिवण पालथी करून हात फिरवा, तुमच्या बोटाला टोचलं तर कातडीला टोचणारच.

कातडीला टेकणाऱ्या खुंट्या असलेल्या पट्ट्याची जखम वेगळी. तिथे घासणं कमी, दाब जास्त. एकाच जागी तासन्तास दाबून धरल्याने खालचं रक्ताभिसरण थांबतं आणि कातडी आतून मरते. बाहेर दोन छोटी भोकं, आत पोकळी. दर एक-दोन तासांनी पट्टा सरकवा, काम संपताच काढा, रात्री कधीही ठेवू नका. अशी जखम झालीच तर ती पूर्ण भरेपर्यंत गळ्यात काही नको.

नुसतं लाल झालं असेल तर सलाइनने धुवा (एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, साधारण सपाट दीड चहाचा चमचा), कोरडं करा आणि काही दिवस तो पट्टा घालू नका.

१०. बोटांमध्ये गाठ येते, फुटते, बरी होते, तीन आठवड्यांनी पुन्हा तिथेच. असं का?

आत कुसळ आहे असंच आधी समजा. गवताच्या कुसळाचं टोक बाणासारखं असतं आणि अंगावर मागे वळलेले बारीक काटे. त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. कुत्रा चालतो तसतसं ते आत जातं. बोटांमधून घुसलेलं मनगटाजवळ निघाल्याची उदाहरणं आहेत.

माझ्याच एका स्पॅनियलच्या उजव्या पुढच्या पंजात हे झालं. संध्याकाळी मी पंजा पाहिला होता, पण वरच्या बाजूने, घाईत. आठवड्याने तिथे वाटाण्याएवढी तांबडी गाठ. फुटली, रक्तमिश्रित पाणी आलं, कुत्री लंगडायची थांबली, मी निर्धास्त. पुढच्या दोन महिन्यांत अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. प्रत्येक वेळी सुधारणा, गोळ्या संपल्या की गाठ हजर. शेवटी भूल देऊन जखम उघडली तेव्हा चिमट्याच्या टोकाला जेमतेम सेंटिमीटरभर, काळपट, मऊ पडलेलं कुसळ आलं. तेव्हापासून कुसळाच्या दिवसांत मी तिच्या बोटांमधले केस बारीक ठेवतो.

गवताची काडी साध्या एक्स-रेत दिसत नाही, सोनोग्राफीत कधी सापडते. म्हणून 'एक्स-रे स्वच्छ आहे' यावर थांबू नका. हेच कानालाही लागू: गवतातून आल्याबरोबर कुत्रा एकाच बाजूला डोकं झटकू लागला तर कानात तेल किंवा थेंब टाकू नका, कापूसकाडी घालू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडून काढून घ्या, पडदा फाटायच्या आत.

११. घरच्या पेटीत काय ठेवावं आणि काय अजिबात लावू नये?

ठेवा: सलाइन, क्लोरहेक्सिडिन, गॉज, सुती आणि चिकट पट्टी, बारीक चिमटा, बोथट टोकाची कात्री, केस कापायचं मशीन, नरसाळं. बस.

कुत्रा जे लावाल ते चाटतो, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्ध्या चुका टळतात. लहान मुलांच्या रॅशवरची झिंक ऑक्साइडची मलमं चाटून झिंकची विषबाधा होते. टी ट्री ऑइल नुसतं तर नकोच. हायड्रोजन परॉक्साइडचा फेस समाधान देतो, पण रोज लावल्याने भरत आलेली जखम मागे जाते. फरशीचं जंतुनाशक फरशीसाठीच. माणसाच्या सर्दीच्या गोळ्या 'ॲलर्जीवर चालतात' म्हणून देऊ नका, त्यातल्या काहींमध्ये स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते कुत्र्याला विषारी आहे. आयब्युप्रोफेनही नाही.

सोललेल्या गादीवर पट्टी बांधलीच तर बोटांची टोकं उघडी ठेवा आणि तासाभराने बघा. बोटं सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट आहे. ओली झाली की लगेच बदला.

१२. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी आहे. आहार बदलून जाईल का?

आहारामुळे असेल तर. पराग, धूळकिडे यांची ॲलर्जी जास्त आढळते आणि ती बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, सेटर, काही टेरियर यांच्यात जास्त. ठरावीक ऋतूत वाढते. बाराही महिने सारखी खाज, सोबत पोटाच्या तक्रारी असतील तर आहाराचा संशय.

खात्री करायचा भरवशाचा मार्ग एकच: किमान आठ आठवडे फक्त असं प्रथिन, जे कुत्र्याने आयुष्यात खाल्लेलं नाही. शिकारी कुत्र्यांची गोची इथेच होते. हरीण, ससा, बदक ही सर्वसाधारण कुत्र्यासाठी 'नवी' प्रथिनं, पण तुमच्या कुत्र्याने ती पिल्लू असल्यापासून खाल्लेली असतात! डॉक्टरला हे सांगा. मग हायड्रोलाइज्ड, म्हणजे प्रथिनांचे रेणूच बारीक तोडलेलं तयार खाद्य सुचवतील. त्या आठ आठवड्यांत बक्षिसाचा तुकडा नाही, मांसाच्या चवीची गोळी नाही, रानात काही उचलून खाणं नाही. म्हणजे मोसमात हा प्रयोग जमत नाही, मोसम संपल्यावर करा.

१३. मोसम चालू आहे, स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन काम चालवू का?

डॉक्टरने ठरवलेला थोड्या दिवसांचा कोर्स ठीक. पण स्टेरॉइडवरचं कुत्रं जास्त पाणी पितं, जास्त धापा टाकतं, आणि धापा टाकणारं नाक नीट वास घेत नाही. महिनोन्महिने दिलं तर स्नायू गळतात, कातडी पातळ होते, जंतुसंसर्ग वाढतो. कोर्स मधेच तोडू नका. खाजेवर आता वेगळी औषधं आहेत: ओक्लासिटिनिबच्या गोळ्या (बारा महिन्यांखालच्या कुत्र्याला नाहीत) आणि साधारण महिनाभर टिकणारं लोकिव्हेटमॅबचं इंजेक्शन. दोन्हींचा उपयोग ॲलर्जीच्या खाजेवर. आत कुसळ असेल तर काहीच कामाचं नाही.

१४. कुत्रा कोल्ह्याच्या बिळात शिरला होता. आता तो खाजवतोय आणि आम्हालाही हातावर पुळ्या आल्यात.

ही खरूज. कोल्ह्यांकडून कुत्र्यांना सहज लागते, थेट स्पर्शाचीही गरज नाही, बीळ पुरतं. कानाची कड दोन बोटांत चोळून बघा. त्याच बाजूचा मागचा पाय खाजवल्यासारखा हलू लागला तर संशय बळावतो. खरवडून घेतलेल्या नमुन्यात किडा बरेचदा सापडत नाही, तेव्हा अहवाल 'निगेटिव्ह' आला तरी डॉक्टर उपचार करून बघतात, आणि ते योग्यच. संपर्कातल्या सगळ्या कुत्र्यांना एकदम औषध द्या. माणसाच्या अंगावर हा किडा टिकत नाही, कुत्रा बरा झाला की तुमच्या पुळ्या जातात. गेल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

बिळं उकरणाऱ्या टेरियरच्या तोंडावर खाज न येता खपल्या धरल्या, केस गेले, तर गजकर्णाची तपासणी करून घ्या. उंदीर-घुशींकडून आणि मातीतूनही ते लागतं. हातमोजे घाला.

१५. खरजेवर गुरांचं इव्हरमेक्टिन (परजीवी मारणारं औषध) कुत्र्याला टोचलं तर?

नको. गुरांचं औषध इतकं तीव्र असतं की कुत्र्याच्या वजनाला ते मोजताना थेंबाची चूकही महाग पडते. शिवाय कोलीसारख्या मेंढपाळी जातींत आणि त्यांच्या संकरांत एक जनुकीय दोष आढळतो, त्यामुळे औषध मेंदूत साठतं: डोलणं, आंधळेपणा, बेशुद्धी, मृत्यू. सगळ्या संकरांचा वंश कुणाला ठाऊक असतो? खरजेवर सुरक्षित पर्याय आहेत, तेच घ्या.

१६. कुत्री बाहेर कुत्रेघरात असतात. एकदम चार-पाच जणांच्या पोटावर लाल पुरळ आलं.

एकाच वेळी अनेकांना, आणि फक्त टेकणाऱ्या भागावर, म्हणजे दोष जागेत आहे. ओल्या, कुजू लागलेल्या पेंढ्यात एक सूक्ष्म कृमी वाढतो. तो कातडीत शिरतो आणि प्रचंड खाज येते. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा: पेंढा सगळा काढा, जागा धुऊन कडक वाळवा, कोरडं अंथरूण घाला. मातीच्या फरशीवर पंजे लाल होत असतील तर हुककृमीसाठी विष्ठा तपासा. आणि जंतुनाशकाने धुतलं असेल तर पाण्याने खळखळून धुऊन वाळेपर्यंत कुत्री आत सोडू नका. बऱ्याच 'ॲलर्जी' या बादलीतून आलेल्या असतात.

१७. साळिंदराचे काटे घुसले. कापून काढावेत का?

कापू नका. कापल्याने काटा मऊ पडत नाही, उलट तुटून आत राहतो आणि कुसळासारखाच पुढे सरकतो. चार-दोन असतील तर मुळाशी पकडून ओढता येतात. तोंड, डोळा, छाती इथे किंवा डझनाने असतील तर भूल देऊनच. जंगली जनावराच्या प्रत्येक चाव्यानंतर, जखम कितीही लहान असो, भरपूर पाणी-साबणाने धुवा आणि रेबीजच्या लसीची तारीख डॉक्टरला सांगा. उघडी जखम उष्ण हवेत दुर्लक्षित राहिली तर एका दिवसात किडे पडतात.

१८. रानडुकराच्या शिकारीनंतर काही दिवसांनी कुत्रा तोंड एवढं खाजवतोय की रक्त निघतंय. ॲलर्जीचं औषध देऊ?

वेळ घालवू नका, लगेच निघा. रानडुकरांत आउजेस्की नावाचा विषाणू असतो. चाव्यातून किंवा कच्चं मांस, आतडी खाऊन तो कुत्र्याला लागतो. लाळ गळणं, अस्वस्थपणा आणि डोक्याला स्वतःलाच फाडेल अशी खाज, ही लक्षणं दिसल्यावर बहुतेक कुत्री दोन दिवसांत जातात. उपचार नाही. पाळीव डुकरांतून अनेक देशांनी तो हटवला असला तरी रानडुकरांत तो आहे. लक्षणं रेबीजसारखी दिसतात म्हणून तोंडात हात घालू नका. बचाव एवढाच की रानडुकराचं कच्चं काहीही कुत्र्याला द्यायचं नाही, सोलण्याच्या जागेपासून कुत्री दूर बांधायची.

१९. जखम दोन महिने भरत नाही, नुसते मलम बदलतो आहोत. पुढे काय?

जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला सांगा. नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या टोकांवर कोंडा आणि व्रण, नखं वेडीवाकडी वाढणं, वजन घटणं असेल तर लीशमॅनिया या परजीवी रोगाचा संशय. तो वाळूमाशीच्या प्रदेशातला समजला जातो, पण १९९९मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या शिकारी फॉक्सहाउंडांच्या एका कळपातही सापडला, आणि पुढे लक्षात आलं की तिथे तो आईकडून पिल्लांत जातो. दुसऱ्या मुलखातून कुत्रा आणताना हे विचारा. नदीकाठच्या ओल्या मातीत काम करणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या कुत्र्यांच्या वाहत्या गाठींमागे ब्लास्टोमायसीस ही बुरशीही असते. सोबत खोकला आला तर तसं डॉक्टरला आवर्जून सांगा.

२०. बरा झाला. कामाला कधी न्यायचा?

खपली पडली म्हणजे कातडी तयार झाली असं नाही. वरचा थर नव्याने यायला साधारण तीन आठवडे लागतात. पट्ट्याखालच्या जागी बारीक केस फुटेपर्यंत थांबा. खोल जंतुसंसर्गात जखम भरलेली दिसल्यावरही अँटिबायोटिक डॉक्टर म्हणतील तितके दिवस चालूच ठेवायचं, मधे सोडलं की प्रश्न १० पुन्हा पहिल्यापासून. गादी सोलली असेल तर आधी मऊ मातीवर अर्धा तास, घरी येऊन पंजा बघायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा, मग तास वाढवायचा. पहिल्या दिवशी त्याचा उत्साह उतू जाईल. दोरी सोडू नका.